मोटारगाडीस दुसरी चाके बसविताना घ्यावयाची दक्षता

शेतमाल बाजारपेठेत नेणे, खते व बी-बियाणे आणणे, कुटुंबास गावोगावी नेणे अशा अनेक कामांसाठी आता पुष्कळ शेतकऱ्यांच्या दारी मोटारगाडी असते. मूळ चाक खड्ड्यात आपटून वाकल्यास अथवा गाडीस अलॉयची चाके असावीत अशी इच्छा झाल्यास, कंपनीची मूळ चाके न घेता बाहेरच्या दुकानातील किंवा जुन्या बाजारातील चाके घेण्याकडे कल दिसून येतो. अशी खरेदी करताना बहुधा एकच गोष्ट पाहिली जाते, ती म्हणजे छिद्रांची संख्या. चार छिद्रांच्या जागी चार छिद्रे आली, नट आवळले गेले, की चाक बसले असे समजले जाते. परंतु चाक बसणे आणि चाक जुळणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. न जुळणारे चाक काही दिवस बिनतक्रार चालते. पुढे नट सैल होतात, स्टड तुटतात व भरधाव गाडीचे चाक निखळण्यापर्यंत वेळ येऊ शकते.

बैलगाडीच्या चाकावर धाव चढविण्यापूर्वी गावचा लोहार चाकाचा घेर मोजतो आणि मगच लोखंड कापतो. मोटारीच्या चाकाबाबतही हाच क्रम पाळला पाहिजे. आधी माप, मग पैसे. यासाठी पुढील सहा गोष्टी तपासाव्यात.

१. छिद्रांचे वर्तुळ

ज्या वर्तुळावर नटांची छिद्रे पाडलेली असतात त्याच्या व्यासास बाजारात पीसीडी म्हणतात. चार छिद्रांच्या चाकात समोरासमोरील दोन छिद्रांच्या मध्यबिंदूंमधील अंतर म्हणजेच हा व्यास होय. पाच छिद्रांच्या चाकात समोरासमोर छिद्रे येत नाहीत. म्हणून शेजारच्या दोन छिद्रांच्या मध्यबिंदूंतील अंतर मोजून त्यास १.७०१ ने गुणावे. जिप्सी गाडीच्या चाकात हे अंतर सुमारे ८२.१ मिलिमीटर भरते व गुणाकार १३९.७ मिलिमीटर येतो.

या मापात थोडाही फरक चालत नाही. वॅगन-आर गाडीचे वर्तुळ १०० मिलिमीटरचे, तर फियाट पालिओचे ९८ मिलिमीटरचे आहे. डोळ्यांना हा फरक दिसत नाही आणि जोर केल्यास नटही आवळले जातात. परंतु प्रत्येक नट आपल्या जागेपासून एक मिलिमीटर सरकून तिरपा बसतो. प्रत्येक फेऱ्यात स्टडवर वाकविणारा ताण येतो व शेवटी तो तुटतो.

२. मधले छिद्र

चाकाच्या मधले मोठे छिद्र गाडीच्या हबवर अचूक बसले पाहिजे. वॅगन-आर व होंडा सिटी या दोन्ही गाड्यांस चार छिद्रे असून वर्तुळही १०० मिलिमीटरचेच आहे. तथापि पहिलीचा हब ५४.१ व दुसरीचा ५६.१ मिलिमीटर आहे. त्यामुळे वॅगन-आरचे चाक सिटीवर चढतच नाही. सिटीचे चाक मात्र वॅगन-आरवर सहज चढते आणि सभोवार एक मिलिमीटर पोकळी राहते. चाक किंचित जरी केंद्रापासून ढळून आवळले गेले तरी वेग वाढताच स्टिअरिंग थरथरू लागते. चाकांचे बॅलन्सिंग कितीही वेळा केले तरी ही थरथर जात नाही, कारण दोष टायरात नसून बैठकीत असतो. छिद्र मोठे असल्यास आतून हबच्या व बाहेरून छिद्राच्या मापाची रिंग बसवावी. छिद्र लहान असल्यास ते चाक घेऊ नये.

३. चाकाची आत-बाहेर बैठक

चाकाचा जो सपाट भाग हबला टेकतो तो रिमच्या मध्यरेषेपासून किती अंतरावर आहे, या मापास ऑफसेट म्हणतात. बहुतेक चाकांवर ‘ईटी’ या अक्षरांपुढे हा आकडा मिलिमीटरमध्ये कोरलेला असतो. आकडा कमी झाला की चाक तितके बाहेर येते. वाढला की आत जाते.

उदाहरणार्थ, मूळ चाक साडेपाच इंच रुंद व ईटी ४५ आहे आणि नवे चाक साडेसहा इंच रुंद व ईटी ३५ आहे असे समजू. रुंदी एक इंचाने वाढल्यामुळे दोन्ही कडा १२.७ मिलिमीटरने सरकतात. शिवाय ऑफसेटमुळे सर्व चाक १० मिलिमीटर बाहेर येते. परिणामी बाहेरची कड २२.७ मिलिमीटर बाहेर व आतली कड २.७ मिलिमीटर आत जाते. चाक फार बाहेर आल्यास टायर मडगार्डला घासतो, चिखल व खडे गाडीच्या अंगावर उडतात आणि बेअरिंगवर अधिक ताण पडतो. फार आत गेल्यास शॉकॲबसॉर्बर किंवा ब्रेकला चाक लागते. हा फरक भरून काढण्यासाठी हब व चाक यांमध्ये पत्र्याच्या चकत्या घालण्याची रीत सर्वथा टाळावी.

४. टायरचा व्यास व बाजूची उंची

चाक मोठे घेतले तरी टायरसह त्याचा एकूण व्यास मूळ व्यासाइतका असावा. टायरवर १६५/८० आर १४ असे लिहिले असल्यास रुंदी १६५ मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या ८० टक्के म्हणजे १३२ मिलिमीटर व रिम १४ इंच म्हणजे ३५५.६ मिलिमीटर होय. दोन्हीकडील उंची मिळवून एकूण व्यास ६१९.६ मिलिमीटर येतो. याऐवजी १८५/६५ आर १५ घेतल्यास व्यास ६२१.५ येतो, हा फरक नगण्य आहे. १९५/६५ आर १५ घेतल्यास मात्र व्यास ६३४.५ होतो. तेव्हा मूळ टायरने ताशी ६० किलोमीटर वेग जिथे पडला असता, तिथे मोठ्या टायरने ६१.४ पडतो आणि काटा मात्र ६० च दाखवितो.

व्यास जुळला म्हणजे सर्व जुळले असेही नाही. २०५/४५ आर १७ या टायरचा व्यास ६१६.३ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ मूळ इतकाच आहे. परंतु त्याच्या बाजूची उंची अवघी ९२ मिलिमीटर भरते. शिवारातील दगडगोट्यांच्या वाटेवर टायरची हीच उंची धक्का सोसते. ती कमी झाली की धक्का सरळ रिमवर बसतो. डांबरी सडकेवर शोभणारे चाक पाणंद रस्त्यावर टिकत नाही, हे ध्यानात ठेवावे.

५. भार

टायरवरील मापापुढे भाराचा निर्देशांक दिलेला असतो. ८२ म्हणजे ४७५ किलो, ८५ म्हणजे ५१५ किलो व ८८ म्हणजे ५६० किलो. नव्या टायरचा निर्देशांक मूळ टायरपेक्षा कमी नसावा. चाकाची क्षमताही तितकीच महत्त्वाची आहे. मागच्या आसावर ८०० किलो भार येऊ शकत असेल, तर तेथील प्रत्येक चाक किमान ४०० किलो पेलणारे हवे. हा आकडा पुष्कळ चाकांवर आतील बाजूस कोरलेला असतो. ज्यावर आकडा किंवा मानकाचे चिन्ह नाही असे चाक स्वस्त मिळाले तरी स्वीकारू नये. मोठ्या चाकांमुळे गाडी अधिक माल वाहू शकेल हा समजही चुकीचा आहे. आस, स्प्रिंगा व ब्रेक पूर्वीचेच राहतात आणि गाडीची क्षमताही पूर्वीइतकीच राहते.

६. नट व स्टड

नटाची बैठक निमुळती, गोलसर किंवा सपाट अशी तीन प्रकारची असते. चाकातील खाच ज्या प्रकारची असेल त्याच प्रकारचा नट वापरावा. निमुळता नट गोलसर खाचेत फक्त एका कडेवर टेकतो व लवकर सैल होतो. आटेही पाहावेत. सुझुकीच्या मोटारींस १२ मिलिमीटर स्टडवर १.२५ मिलिमीटरचे, तर होंडाच्या मोटारींस १.५ मिलिमीटरचे आटे असतात. एकाचा नट दुसऱ्यावर चढविल्यास आटे कापले जातात.

अलॉय चाकाची बैठक जाड असल्यास स्टडचा थोडाच भाग नटात शिरतो. स्टडच्या व्यासाइतकी तरी पकड मिळाली पाहिजे, म्हणजे १.२५ च्या आट्यावर सुमारे दहा व १.५ च्या आट्यावर आठ पूर्ण फेरे. स्टेपनी लोखंडी असल्यास तिचे मूळ नट गाडीत जपून ठेवावेत; अलॉयचे नट तिला जुळतीलच असे नाही.

प्रत्यक्ष बसवणी

दुकानदाराशी बोलून, टायर चढविण्यापूर्वी नुसते चाक गाडीवर लावून पाहावे. टायर चढल्यानंतर चाक परत घेण्यास दुकानदार सहसा राजी होत नाही. हबवरील गंज व माती तारेच्या ब्रशाने काढावी. स्टडला तेल किंवा ग्रीस लावू नये, कारण त्यामुळे नट प्रमाणाबाहेर आवळला जातो. चाक हाताने फिरवून ब्रेकला कोठे लागत नाही हे पाहावे.

त्यानंतर टायर चढवून चाक बसवावे. नट प्रथम हाताने फिरवावेत व मग एकाआड एक, समोरासमोर अशा क्रमाने आवळावेत. अखेरची आवळणी गाडी जमिनीवर टेकवून, गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या मापाने टॉर्क पान्याने करावी. पान्यावर पाय देऊन आवळणे योग्य नव्हे.

मग गाडीत माणसे व नेहमीचा माल भरून स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत वळवावे, खड्ड्यातून संथ गतीने गाडी न्यावी आणि टायर कोठे घासल्याची खूण आहे काय ते तपासावे. रिकाम्या गाडीची परीक्षा पुरेशी नाही. ८० ते १०० किलोमीटर प्रवासानंतर चाके थंड असताना सर्व नट पुन्हा तपासावेत.

कायदा व विमा

मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ अन्वये, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. म्हणून कंपनीने त्या गाडीसाठी सांगितलेल्या मापांतच चाके व टायर घ्यावेत आणि बदल करण्यापूर्वी प्रादेशिक परिवहन कार्यालयात व विमा कंपनीकडे चौकशी करावी.

खरेदीस निघताना

एका कागदावर मूळ चाकाची पुढील मापे लिहून तो कागद दुकानात न्यावा: छिद्रांची संख्या व वर्तुळ, मधल्या छिद्राचा व्यास, रुंदी व ऑफसेट, टायरचे पूर्ण माप व भार-निर्देशांक, चाकाची भारक्षमता, नटाची बैठक व आटे. यांपैकी एकही माप जुळत नसेल आणि त्यावर योग्य उपाय नसेल, तर सौदा सोडून द्यावा. मापे घेण्यास अर्धा तास लागतो. चार नटांवर घरची माणसे आणि हंगामाचा माल विसंबून असतो. त्या मानाने हा अर्धा तास फार नाही.