वीतभर मिग आणि हॉस्टेलची गच्ची

२६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला वायुसेनेच्या मिग-२१ ला निरोप दिला, त्याच आठवड्यात मी १:७२ मापाचं डायकास्ट मिग-२१ घेतलं. दोन महिन्यांचं मेस बिल गेलं, घरी अजून सांगितलेलं नाही! जस्तात सुमारे ४ टक्के ॲल्युमिनियम असलेला मिश्रधातू वितळवून पोलादी साच्यात दाबाने भरतात, ते डायकास्ट. नाजूक भाग मात्र प्लॅस्टिकचेच असतात, म्हणून उचलताना पोटाखाली धरा. पिटो नळीला हात लावलात तर गेलीच ती.

रूम पार्टनरचे काका नाशिकजवळ ओझरला, जिथे ही विमानं बनायची, तिथे फिटर होते. त्यांना फोटो पाठवला. उत्तर आलं, "खेळणं छान आहे रे." लागलं मनाला. मग बसलो गणित करत.

सगळं ७२ ने गुणायचं किंवा भागायचं, बस्स. माणसाचा डोळा जमिनीपासून १६० सेंमी, म्हणजे मॉडेलसाठी २.२ सेंमी. आपण उभं राहून फोटो काढतो तो जणू शंभर मीटर उंचीवरून! मोबाईल उलटा धरा, लेन्स खाली येते. अंतर तर त्याहून महत्त्वाचं. एक वीत अंतरावरून काढलं की नाक फुगतं आणि शेपूट पुसट होतं. १ मीटर मागे या (म्हणजे खऱ्या विमानापासून ७२ मीटर) आणि झूम करा. कॅमेरा असेल तर एफ/१६, ट्रायपॉड नसेल तर पुस्तकांची चळत आणि टायमर.

जमीन फसवते. १ मिमी वाळूचा कण ७ सेंमीचा धोंडा होतो. वर्कशॉपमधला १५० नंबरचा वॉटर पेपर घ्या, त्याचा दाणा साधारण ०.१ मिमी, म्हणजे ७ मिमीची खडी. धावपट्टी तयार! धूळ रंगाच्या मऊ ब्रशने झटका, फुंकर नको, थुंकी उडते.

टेबल लॅम्प जवळ असल्याने सावल्या पसरतात. सूर्यकिरण जवळजवळ समांतर, म्हणून सकाळी सातला गच्चीवर जा. मागे कठडा दिसला तर तो ७२ मीटर उंच भिंत वाटतो, म्हणून टेबल उंच करा, मागे फक्त आकाश.

एक गोष्ट कॅमेऱ्याने सुटत नाही. मॉडेलवरच्या पत्र्यांच्या सांध्याची ०.२ मिमी खाच खऱ्या विमानात १४ मिमीची फट होईल. समोरून पडणाऱ्या उजेडात घेतलं की ती बरीच लपते, पण उजेड फार आडवा झाला की उलट उठून दिसते. सतरा फोटो वाया गेले तेव्हा हे कळलं.

अठरावा काकांना पाठवला. बराच वेळ काही नाही. मग फोनच आला, "कुठल्या बेसवर काढलास?"

गच्चीवर, म्हटलं.

"तरीच. टायर फार चकचकीत आहेत."

आता टायरना मॅट रंग लावतोय.