मण्यार चावली तरी कळत नाही

पावसात बिळांत पाणी शिरले की साप घराच्या आडोशाला येतात. विहिरीवर, ओढ्याला दिसणारी दिवड बिनविषारी. खरी भीती मण्यारीची. काळ्या चकचकीत अंगावर बारीक पांढरे पट्टे, शेपटीकडे ठळक. बिनविषारी कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होऊन शेपटीकडे पुसट होतात. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते. दुखत नाही, सूजही फारशी येत नाही. पहाटे पोट दुखते, पापण्या मिटू लागतात, बोलणे अडखळते. अशा वेळी पित्त समजून थांबू नका! आवळून बांधणे, चिरा देणे, मांत्रिक, सारे टाळा. साप शोधत बसू नका. रुग्णाला चालवू नका. हात-पाय न हलवता लगेच सरकारी रुग्णालयात न्या. सर्पदंशावरील प्रतिविष तेथे मिळते. आणि आजपासून मच्छरदाणी खोचून, खाटेवर झोपा.