ट्रंकेतला कागद

दिवाळीच्या साफसफाईत शेजारच्या आजींना ट्रंकेत एक जाड कागद सापडला. वर नक्षी, खाली शिक्का, मध्ये आजोबांचे नाव. आजी म्हणाल्या, "बघा हो, हा कामाचा आहे की रद्दी?"

आम्ही तो वाचला. तो शेअरचा कागद होता. शेअर म्हणजे कंपनीच्या मालकीतला लहानसा वाटा. आजोबा गेले, पण वाटा काही गेला नव्हता.

पूर्वी शेअर विकायचा म्हणजे मोठा खटाटोप. कागदाला बदलीचा फॉर्म जोडायचा, सही करायची. मग घेणाऱ्याने तो कंपनीकडे धाडायचा. सही जरा वाकडी झाली की कागद परत! वाटेत कागद हरवत, चोरीला जात. खोटे कागदही बाजारात येत. पैसे मोजलेला माणूस वाट पाहात बसे.

मग १९९६ साली कायदा झाला. त्याच साली मुंबईत एनएसडीएल ही संस्था सुरू झाली. १९९९ साली सीडीएसएल आली. आता शेअरची नोंद यांच्या संगणकात राहते. बँकेत आपल्या नावाच्या नोटा वेगळ्या बांधून ठेवतात काय? नाही. नावावर आकडा असतो. तसेच हे. या खात्याला डीमॅट खाते म्हणतात. ते बँकेत किंवा शेअरदलालाकडे उघडता येते.

आजींकडे एक गृहस्थ येऊन गेला होता. म्हणाला, "हा कागद आता चालत नाही. पाचशे रुपये देतो, इथे सही करा." आजींनी सही केली नाही, हे फार बरे झाले. त्याचे बोलणे अर्धेच खरे होते. १ एप्रिल २०१९ पासून बाजारात नोंदलेल्या कंपनीचा कागदी शेअर विकून दुसऱ्याच्या नावावर चढवता येत नाही. पण वारसाचा हक्क शाबूत असतो. मृत्यूचा दाखला आणि वारसाचे कागद जोडून कंपनीच्या रजिस्ट्रारकडे अर्ज करायचा. मग शेअर वारसाच्या डीमॅट खात्यात येतो. सात वर्षे ओळीने लाभांश उचलला नसेल, तर शेअर सरकारी निधीत जातो. तिथूनही तो परत मागता येतो.

डीमॅटमध्येही चोर असतातच. त्याला आता ट्रंक फोडावी लागत नाही, इतकेच. कोऱ्या चिठ्ठीवर सही देऊ नये आणि मोबाइलवर आलेला आकडा कोणाला सांगू नये.

आजींचा अर्ज भरून झाला. सही त्यांनी स्वतः केली. आता एकच अडचण आहे. आजोबांच्या आडनावाचे स्पेलिंग शेअरवर एक, दाखल्यावर दुसरे! त्याचे प्रतिज्ञापत्र करायला सोमवारी आम्ही आजींबरोबर जाणार आहोत.