माहजोंग : कुणाची जोडी कुणाशी?

कॉम्प्युटरवर एकट्याने खेळायच्या माहजोंगबद्दल आपल्या हॉस्टेलवर एक पक्का गैरसमज आहे, की हा नशिबाचा खेळ. हरलं की "साला पटच खराब होता" म्हणायचं आणि नवा डाव लावायचा. पट खराब निघतो, नाही असं नाही. पण किती वेळा? ते पुढे सांगते. आधी खेळ समजून घेऊ.

मूळ माहजोंग हा चार जणांनी खेळायचा चिनी खेळ. त्याच्या टाइल्स घेऊन जोड्या लावायचा हा एकट्याचा खेळ १९८१ मध्ये अमेरिकेत ब्रॉडी लॉकार्ड याने प्लेटो नावाच्या कॉम्प्युटर सिस्टिमवर लिहिला. लॉकार्ड स्टॅनफर्डचा विद्यार्थी, जिम्नॅस्ट. १९७९ मध्ये जिम्नॅस्टिक्स करताना अपघात झाला आणि मानेखालचं शरीर लुळं पडलं. दातात काठी धरून, एकेक की दाबत त्याने प्रोग्रॅम लिहिला. (सबमिशनच्या आदल्या रात्री "हात दुखतात" म्हणणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.) १९८६ मध्ये अ‍ॅक्टिव्हिजन कंपनीने तो 'शांघाय' या नावाने बाजारात आणला. विंडोज व्हिस्टा आणि विंडोज ७ मध्ये 'माहजोंग टायटन्स' होता, तो याचाच वंशज.

टाइल्स १४४. त्यात ३४ प्रकारची चित्रं, प्रत्येकाच्या चार प्रती, म्हणजे १३६. उरलेल्या आठांत चार फुलं आणि चार ऋतू. कुठलंही फूल कुठल्याही फुलाशी जुळतं, ऋतूंचंही तसंच. नेहमीच्या कासवाच्या आकारात पाच थर असतात: खालून ८७, ३६, १६, ४ आणि शेंड्यावर १. टाइल उचलायची अट एवढीच की तिच्यावर काही नको आणि डावी किंवा उजवी, एक बाजू तरी मोकळी हवी.

आता खरा मुद्दा. टाइल उचलल्याने दुसरी कुठलीही टाइल अडत नाही, झालीच तर मोकळी होते. त्यामुळे कुणाची जोडी कुणाशी हे एकदा ठरलं, की उचलण्याचा क्रम कुठलाही घ्या, शेवट तोच येणार. म्हणजे प्रश्न "आधी काय उचलू" हा नाहीच. लग्न जुळवणाऱ्या मावशींचा जो प्रश्न तोच आपला: कुणाला कुणाशी जुळवू?

चार सारख्या टाइल्सच्या दोन जोड्या तीन प्रकारे लागतात. असे गट ३६. म्हणून एका पटावर एकूण जोडण्या ३ चा ३६ वा घात, म्हणजे साधारण १५ वर १६ शून्यं. सेकंदाला १०० कोटी जोडण्या तपासल्या तरी सगळ्या संपायला पावणेपाच वर्षं लागतील. तेवढ्यात डिग्री होते, केटी धरूनसुद्धा! टाइल्स कितीही वाढवता येतात असं धरलं, तर सगळ्या टाइल्स उघड दिसत असूनही पट सुटेल का हे ठरवणं एनपी-कम्प्लीट आहे, हे सिद्ध झालंय.

डाव अडतो तो कसा? सगळ्यात सोपा प्रकार: चारांपैकी दोन गेल्या आणि उरलेल्या दोन एकमेकींवर बसल्यात. संपलं. दुसरा प्रकार ऑपरेटिंग सिस्टिम शिकलेल्यांना लगेच ओळखू येईल. एका ठिकाणी बांबूवर ड्रॅगन बसलाय, दुसरीकडे ड्रॅगनवर बांबू. खालचा बांबू वरच्या बांबूशी आणि खालचा ड्रॅगन वरच्या ड्रॅगनशीच लावायचा ठरला, तर प्रत्येक जण दुसऱ्याची वाट बघत बसणार. सर्क्युलर वेट, म्हणजे शुद्ध डेडलॉक! पण बांबूची तिसरी प्रत शिल्लक असेल तर वरचा बांबू तिच्याशी लावता येतो, आणि गाठ सुटते.

यावरून खेळायचं कसं ते निघतं. चारही मोकळ्या असतील तर डोळे मिटून उचला. गटातल्या शेवटच्या दोन मोकळ्या असतील तरी उचला, तिथे निवडच उरलेली नाही. विचार करायचा तो फक्त चारांपैकी दोन किंवा तीन मोकळ्या असताना. तीन असतील तर ज्या दोन उचलल्याने जास्त टाइल्स सुटतात त्या घ्या. शेंड्यावरची एक उचलली की खालच्या चार उघड्या होतात. डाव्या टोकाची एकटी टाइल मधल्या दोन लांब ओळींची डावी बाजू अडवते. दोनच मोकळ्या असतील आणि घाई नसेल, तर थांबा. खाली दडलेलं काय ते दिसत नाही, म्हणून जो निर्णय लांबवता येतो तो लांबवावा. (अभ्यासाला हा नियम लावू नये, असं आमच्या रेक्टर मॅडम म्हणतील.)

आता नशीब. नेदरलँड्सच्या मिखिएल डी बोंट यांनी २०१२ मध्ये प्रोग्रॅम लिहून भरपूर कासवं तपासली. खालच्या टाइल्स बघायची मुभा असूनही न सुटणारे पट निघाले शंभरात सुमारे तीन. बाकीच्या सत्त्याण्णवांना कुठलीतरी वाट असते. अर्थात आपल्याला खालचं दिसत नाही, त्यामुळे शंभरात सत्त्याण्णव वेळा जिंकू अशी आशा धरू नका.

पट सुटणाराच हवा असेल तर प्रोग्रॅम उलटीकडून जातो. कोऱ्या टाइल्सचं कासव मांडायचं, त्यातल्या दोन मोकळ्या जागा उचलून दोघींवर एकच चित्र काढायचं, आणि पट रिकामा होईपर्यंत हेच. कधी शेवटी दोन कोऱ्या एकमेकींवर उरतात, मग पहिल्यापासून सुरू. असा पट एका वाटेने नक्की सुटतो. त्या वाटेने आपण गेलो नाही तर मात्र हरूही शकतो!

लिनक्सवरच्या केमाहजोंगमध्ये सुटणारेच पट मागायची सोय आहे, आणि पटाला नंबरही देता येतो. रूममेटला तोच नंबर द्या, दोघांनी वेगवेगळ्या लॅपटॉपवर खेळा. एकाचा पट साफ झाला आणि दुसऱ्याच्या सोळा टाइल्स उरल्या, तर पहिली वेगळी जोडी कुठे लागली ते शोधा. बहुतेक वेळा ती डावाच्या पहिल्या अर्ध्यातच सापडेल, जेव्हा दोघंही मेसच्या जेवणावर बोलत होते.