आदल्या रात्रीचा मुक्काम

ये, बस. पायरीवर नको, इथे ओट्यावर ये, वारा आहे. कॉफी गाळून झालीय. मी डवऱ्यात ओतते, तोवर तो कागद दे माझ्याकडे.

बरं. म्हणजे जहाज सिंगापूरहून दुपारी चारला सुटणार. तुमचं विमान त्याच दिवशी सकाळी आठला सिंगापूरला पोचणार, आणि तेही चेन्नईहून, कारण त्रिचीपेक्षा माणशी साडेतीन हजार स्वस्त पडतंय. चार माणसांचे चौदा हजार वाचले. हॉटेलचा खर्च शून्य. हिशेब तू नीट मांडलायस, मला दिसतंय. पण पैसे भरले नाहीस ना अजून? मग भरू नकोस. आधी माझं ऐक.

आम्ही चेन्नईहून जहाजाने गेलो होतो ते तुला माहीत आहे. पश्चिम किनाऱ्यावर पावसाळा लागला की मुंबईचा समुद्र खवळतो, तेव्हा तिकडचं क्रूझ जहाज इकडे येतं. २०२२ पासून हे सुरू झालं. सासूबाईंना एकदा जहाजात बसायचं होतं. त्यांचे वडील नागपट्टणमहून ‘राजुला’ बोटीने सिंगापूरला नोकरीला गेले होते. मद्रास, नागपट्टणम, पेनांग, सिंगापूर असा त्या बोटीचा मार्ग. १९२६ साली बांधलेली बोट १९७०च्या आसपासपर्यंत या भागातल्या माणसांची ने-आण करत होती. सासूबाई तेव्हा पाच वर्षांच्या. धक्क्यावरून त्यांनी बोट लांब जाताना पाहिली, आणि बोटीतून किनारा लांब जाताना कसा दिसतो हे त्यांना आयुष्यभर पाहायचं होतं. त्यांनी दुसरं काही मागितलंच नव्हतं.

आणि आम्ही काय केलं? एका रात्रीचं हॉटेल वाचवलं. जहाज दुपारी होतं, म्हणून आदल्या रात्री इथून, कुंभकोणमहून, बसने निघालो. डोक्यात जुनंच गणित, की बस कोयंबेडूला जाते आणि तिथून बंदर जवळ. पण २०२३च्या डिसेंबरअखेर किलांबाक्कमचं नवं बसस्थानक सुरू झालं, आणि दक्षिणेकडून येणाऱ्या गाड्या आता तिथेच रिकाम्या होतात. वंडलूरजवळ आहे ते, बंदरापासून पस्तीसेक किलोमीटर. पहाटे साडेचारला आम्ही तिथे उतरलो. मग टॅक्सी शोधणं, मग शहरात येऊन एग्मोर स्टेशनच्या प्रतीक्षालयात दुपारपर्यंत बसणं. मग बंदराच्या रांगा, आधी सामानाची, मग पासपोर्टची. सासूबाईंचे पाय सुजून चपलेत मावेनात. जहाजावर चढल्या, खोलीत गेल्या आणि पाच मिनिटं पडते म्हणून आडव्या झाल्या. जाग आली तेव्हा चहूकडे अंधार आणि पाणी. किनारा कधीच गेला होता.

त्या काही बोलल्या नाहीत. ‘जेवायला काय आहे’ एवढंच विचारलं. मला ते अजून खातं. म्हणून तुला हात धरून सांगते, जहाज ज्या गावातून सुटतं त्या गावात आदली रात्र झोपून काढायची. बाकी सगळं त्यानंतर ठरवायचं, विमानतळसुद्धा.

आता तुझा कागद उलट्या बाजूने वाचू. जहाज चारला सुटणार, पण चढणं तास-दोन तास आधीच बंद होतं. तुझ्या तिकिटावर चढायची वेळ दिलेली असेल, ती बघ. चारचं जहाज म्हणजे साडेबारा-एकपर्यंत बंदरावर हवं. विमान आठला उतरलं तर इमिग्रेशन, सामान आणि टॅक्सी धरून तुझ्या हातात तीन तास उरतात. चेन्नईहून विमान निघायलाच तीन तास उशीर झाला तर? बॅग मागे राहिली तर? आदल्या दिवशी पोचलात तर बॅग दुसऱ्या विमानाने येऊन तुम्हाला गाठू शकते. जहाज सुटल्यावर तिला पेनांगला कोण आणून देणार? तुझ्या सासऱ्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या त्याच बॅगेत असणार. (त्या हातातल्या पिशवीत ठेव, चिठ्ठीसकट. हे आत्ताच लिहून घे.)

तुम्ही दोघंच असता तर मी म्हटलं असतं, एक रात्र पुरे. पण सासू-सासरे सांगलीहून इथे येणार, आठवडाभर देवळं फिरणार आणि मग निघणार. त्यांच्यासाठी दोन रात्री काढ. सिंगापूरचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. ऐकायला थोडं वाटतं, पण सत्तरीतल्या माणसाची झोप अडीच तासांनीही विस्कटते.

विमानतळाचं बघू. तू अजून सांगलीच्या सवयीने बघतेस, की मोठं शहर म्हणजे मोठं विमानतळ. कुंभकोणमच्या माणसाला सिंगापूरसाठी त्रिची. इथून नव्वद-पंच्याण्णव किलोमीटर, तंजावरवरून, गाडीने दोन-अडीच तास. विमानतळ गावाच्या अलीकडेच, पुदुकोट्टैच्या रस्त्याला. २०२४च्या जूनपासून नवी इमारत वापरात आहे, ऐसपैस आहे, चालायला सोपी. तिथून थेट विमान चार-साडेचार तासांत सिंगापूरला सोडतं. या कावेरीकाठच्या घराघरांतून माणसं तिकडे नोकरीला आहेत, म्हणून एवढ्याशा शहराला ही विमानं मिळाली.

चेन्नईला जायचं तर जवळजवळ तीनशे किलोमीटर. म्हणजे रात्रीची गाडी किंवा सहा-सात तासांची मोटार, वर चेन्नईत थांबायची सोय. तुझे चौदा हजार तिथेच संपतात. शिवाय तुम्ही निघणार डिसेंबरात. इथला पाऊस आपल्याकडच्यासारखा जूनचा नाही, तो ऑक्टोबर ते डिसेंबर पडतो, आणि वादळं चेन्नईवर येतात. २०१५च्या डिसेंबरात चेन्नईचं विमानतळ पाण्यात गेलं आणि कित्येक दिवस बंद होतं. २०२३च्या डिसेंबरात मिचौंग वादळात पुन्हा बंद झालं. त्रिचीलाही पाऊस लागतो, नाही असं नाही, पण समुद्र तिथून लांब आहे. म्हणूनही दोन रात्री हाताशी हव्यात.

समजा त्रिचीहून थेट विमानाची तिकिटं मिळालीच नाहीत. मग कोलंबो किंवा क्वालालंपूरला बदलून जाणारं विमान घे, पण सगळा प्रवास एकाच तिकिटावर हवा. दोन वेगळी तिकिटं काढलीस आणि पहिलं विमान लेट झालं, तर दुसरी कंपनी तुला ओळखणार नाही. आणि अगदीच चेन्नई नशिबी आली तर रेल्वेने जा आणि तांबरमला उतर. एग्मोरपर्यंत जाऊन परत मागे यायचं नाही. तांबरमहून लोकलने तिरुसूलम चौथं-पाचवं स्टेशन, त्याच्या समोरच विमानतळ. सामान जास्त असेल तर तांबरमहूनच टॅक्सी.

हां, आणि तारीख. त्रिचीची सिंगापूरची विमानं पुष्कळदा रात्री-अपरात्री सुटतात. तिकिटावर २१ तारीख आणि वेळ शून्य वाजून चाळीस असेल, तर घरातून निघायचं २० तारखेला संध्याकाळी. शिकलेली माणसं इथे फसतात गं. आमच्या नात्यातलं एक जोडपं २१ला रात्री बॅगा घेऊन त्रिचीला पोचलं, विमान जाऊन बावीस-तेवीस तास झाले होते. टॅक्सीवाल्याला सांगतानाही तारखेबरोबर वार सांग, ‘शनिवारी संध्याकाळी पाचला’ असं. आणि टॅक्सी ओळखीच्या माणसाची, आठवडाभर आधी सांगून ठेवलेली. मुहूर्ताचे दिवस असले की कुंभकोणमात ऐनवेळी गाडी मिळत नाही, सगळ्या लग्नाला गेलेल्या असतात.

कॉफी निवतेय, पी आधी.

सिंगापूरला क्रूझच्या जागा दोन आहेत, हे मी तिकडच्या भाचीकडून शिकले. एक मरीना बे क्रूझ सेंटर, २०१२ सालचं, मोठी जहाजं बहुतेक तिथून सुटतात. दुसरं हार्बरफ्रंटला. दोन्हींना लोक आपापलं ‘सिंगापूर क्रूझ टर्मिनल’ म्हणतात आणि टॅक्सीवाला नेईल तिथे उतरतात. तू तिकिटावरचं पूर्ण नाव तुझ्या मोबाइलमध्ये लिहून ठेव आणि नवऱ्यालाही पाठव.

हॉटेल लिटल इंडियाच्या बाजूला घे. चकचकीत मरीना बेच्या हॉटेलांचे फोटो बघून भुलू नकोस. त्या पैशांत तुम्ही दोन रात्रीच काय, चार राहाल. लिटल इंडियात सेरंगून रोडला इडली-डोसा मिळतो, दहीभात मिळतो, तुझ्या सासूबाईंना उपासाला केळी मिळतात. आणि तू वर्षभरात शिकलीस तेवढं तमिळ तिथे चालतं. लिटल इंडिया स्टेशनवरून जांभळ्या मेट्रोने हार्बरफ्रंट थेट आहे, गाडी बदलायची नाही. मरीना बेचं टर्मिनल असेल तर धोबी घाटला लाल गाडीत बसून मरीना साउथ पिअरपर्यंत. हो, धोबी घाटच नाव आहे स्टेशनाचं, सासऱ्यांना सांग, खूश होतील. पण हे मेट्रोचं फिरायच्या दिवशी. बंदरावर जाताना टॅक्सीच करायची, आणि तीही सहा आसनी. साध्या टॅक्सीत चार माणसं बसतात, चार माणसांच्या बॅगा बसत नाहीत. उतरल्या रात्रीही टॅक्सीच, फक्त मध्यरात्रीनंतर सकाळी सहापर्यंत मीटरवर निम्मं भाडं जास्त लागतं हे धरून चाल.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. विमान सकाळी सहाला उतरेल आणि हॉटेलची खोली दुपारी दोन-तीनला मिळेल. मधले आठ तास म्हातारी माणसं लॉबीत बसणार का? माझ्या सासूबाई बसल्या तशा? त्यासाठी आदल्या रात्रीपासूनच खोली धर. न झोपलेल्या रात्रीचे पैसे देतोय असं वाटेल. वाटू दे. पोचल्याबरोबर आंघोळ, आडवं होणं, यासाठीच ते पैसे आहेत. लिफ्ट आहे का तेही मेलवर विचार. त्या जुन्या दुकानघरांच्या हॉटेलांत जिने उभे असतात.

कागदपत्रांत एकच सांगते, बाकी तुझा नवरा बघेल. जहाज पेनांगला किंवा फुकेतला जाऊन परत सिंगापूरला येणार, म्हणजे तुम्ही त्या देशात दोनदा शिरणार. व्हिसा एकदाच प्रवेशाचा नको, अनेकदा प्रवेशाचा हवा, तो छापून आला की तोच शब्द आधी वाच. मधल्या देशांचे नियम जहाजवाल्यांकडून लेखी घे. आणि सिंगापूरचं आगमनाचं कार्ड पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचं असतं, ते फुकट आहे. पैसे मागणाऱ्या साइटवर जाऊ नकोस.

फराळाचं म्हणालीस ना परवा? चिवडा ने, पुळियोदरै ने विमानापुरता. अनारसे नेऊ नकोस. खसखस तिकडे बंदी असलेल्या मालात मोडते, अफूचं बी म्हणून. गोडा मसाला नेणार असलीस तर त्यातही बघ. आणि सासऱ्यांची तंबाखूची डबी. मला माहितेय, सुनेने बोलायचं अवघड आहे. पण चघळायची तंबाखू तिथे नेताच येत नाही, खिशात सापडली तर दंड. नवऱ्याला बोलायला सांग, आणि आत्ताच, म्हणजे सवय मोडायला महिना मिळेल. विमानतळाच्या दारात डबी काढून घेतलीस तर ते आठ दिवस गप्प बसतील.

परतीचं विमान संध्याकाळनंतरचं घे. जहाज सकाळी लागलं तरी हजारो माणसं एकाच दारातून उतरतात.

आता पुन्हा मांड हिशेब. त्रिचीच्या तिकिटाचे चौदा हजार वर, आणि हॉटेलच्या रात्रींचे निराळे. जास्त होतात, मी नाकारत नाही. मग जहाजावरची बाल्कनीची खोली सोड, खिडकीची घे. किनारा बघायला सगळ्यांनी वरच्या डेकवरच जायचं असतं. तिथून वाचलेले पैसे इकडे लाव. तुझ्या जागी मी असते तर हेच केलं असतं.

आणि एक माझ्यासाठी कर. जहाज सुटतं तेव्हा किनाऱ्याजवळ फोन लागतो. तिकडचे चार म्हणजे इथले दीड. मला व्हिडिओ कॉल लाव. सासूबाई दुपारच्या पडतात त्या वेळी, पण मी त्यांना आधीच सांगून या झोपाळ्यावर बसवून ठेवीन. तू काही बोलू नकोस, स्वतःचं तोंडही दाखवू नकोस. फोन किनाऱ्याकडे धर आणि दिसेनासा होईपर्यंत तसाच धरून ठेव.