सावलीचे घड्याळ

घरी एकटे असलो की वेळ जाता जात नाही. मोबाईल बघून डोळे चुरचुरतात. त्यापेक्षा अंगणात सावलीचे घड्याळ करावे. पैसे लागत नाहीत.

साहित्य : हातभर सरळ काठी, खडे, घरातले घड्याळ.

कृती : दिवसभर ऊन असते अशी सपाट जागा बघावी. तिथे काठी उभी रोवावी. दर तासाला सावलीच्या टोकाशी एक खडा ठेवावा. मधल्या वेळात गोष्टीचे पुस्तक वाचावे. सूर्याकडे टक लावून बघू नये.

काय दिसते : सकाळी सावली पश्चिमेकडे लांब पडते. मग आखूड होत जाते. दुपारनंतर पूर्वेकडे लांबत जाते. गंमत अशी, की सावली सगळ्यात आखूड बाराला होत नाही, साडेबाराच्या सुमारास होते! गुरुजींनी कारण सांगितले. भारताची घड्याळे मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश पूर्व रेखावृत्ताप्रमाणे लावतात. आपण त्याच्या पश्चिमेला आहोत. एका अंशाला ४ मिनिटे, म्हणून आपल्याकडे सूर्य माथ्यावर उशिरा येतो.

उपयोग : सावली बाराच्या खड्याशी आली की मी आईची भाकरी घेऊन रानात निघतो. घड्याळाचा सेल संपला तरी आई उपाशी राहत नाही. सूर्याची वाट बदलते, म्हणून दर महिन्याला खडे नवीन लावावेत.

मे महिन्यात एका दुपारी उभ्या काठीची सावली थोडा वेळ दिसतच नाही. त्याला शून्य सावली दिवस म्हणतात. मुलांनो, तो दिवस चुकवू नका. आईवडिलांनाही दाखवा.

— इयत्ता चौथी