अंतर नकाशावरचे, वेळ उंबरठ्यापासूनचा

दोन विमानतळांमधले अंतर म्हणजे नकाशावरचे सरळ अंतर. नांदेड आणि छत्रपती संभाजीनगर यांच्यात ते सुमारे २१५ किलोमीटर भरते. या दोहोंना जोडणाऱ्या लोहमार्गावर, परभणीच्या थोडे पुढे पेडगाव आहे. विमानाने जायचे तर जवळचे नांदेड धरायचे की लांबचे संभाजीनगर, हा पेडगावकरांपुढचा पहिला प्रश्न. केवळ जवळ म्हणून केलेली निवड महागात पडते, असा अनुभव आहे.

उड्डाणाचा वेळ अंतराला वेगाने भागून मिळत नाही. प्रादेशिक मार्गांवर बहुधा एटीआर ७२ हे सुमारे सत्तर आसनांचे, पंख्यांचे विमान असते. त्याचा वेग ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास. नांदेड ते हैदराबाद हे अंदाजे २४५ किलोमीटर अंतर या हिशेबाने अर्ध्या तासाचे. पण वेळापत्रकात जवळपास तास लागतो. विमान जागेवरून हलल्यापासून दुसरीकडे थांबेपर्यंतचा सगळा वेळ त्यात धरलेला असतो. धावपट्टीपर्यंत जाणे, उंची गाठणे, उतरण्यासाठी वेग कमी करणे, मोठ्या विमानतळावर पाळीची वाट पाहणे हे अंतर कितीही कमी असले तरी चुकत नाही.

दुसरी गोष्ट, अंतर कायम राहते, विमानसेवा राहतेच असे नाही. केंद्र सरकारच्या उडान या प्रादेशिक विमानसेवा योजनेतल्या पहिल्या उड्डाणांत, २७ एप्रिल २०१७ रोजी, हैदराबाद–नांदेड मार्ग होता. ती सेवा देणाऱ्या ट्रूजेटची विमाने २०२२ मध्ये थांबली; २०२४ मध्ये स्टार एअरने नांदेडहून उड्डाणे सुरू केली. योजनेतले अर्थसाहाय्य ठरावीक मुदतीचे असते आणि ते संपले की मार्गाचे गणित बदलते.

आता घरापासूनचा हिशेब. पेडगावहून परभणी, वसमतमार्गे नांदेडला दोन-अडीच तास, विमानतळावर आधी दीड तास, उड्डाण एक तास, शमशाबादच्या विमानतळावरून हैदराबाद शहरात यायला आणखी तास. एकूण साडेपाच ते सहा तास. परभणीहून सिकंदराबादला रेल्वेने सात-आठ तास लागतात. म्हणजे वाचतात ते फार तर दोन-अडीच तास. मुंबई किंवा दिल्लीला जाताना मात्र विमानाचा फायदा खरा असतो. त्यासाठी संभाजीनगर निवडले, तर तिथला विमानतळ चिकलठाण्याला, जालना रस्त्यावर आहे. पेडगावकडून मोटारीने जाणाऱ्याला तो शहराच्या अलीकडेच लागतो. रेल्वेने शहराच्या मुख्य स्टेशनवर उतरलेल्याला मात्र उलट पूर्वेकडे यावे लागते.

तिकीट काढण्यापूर्वी एवढे पाहावे. त्या तारखेला, त्या वारी विमान खरोखर आहे का? रद्द झाले तर त्याच दिवशी दुसरे आहे का? पुढचे विमान धरायचे असेल तर शक्यतो दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर घ्यावेत. वेगळी तिकिटे असतील आणि पहिल्या विमानाच्या उशिरामुळे दुसरे चुकले, तर दुसरी कंपनी जबाबदारी घेत नाही. परीक्षा, मुलाखत किंवा शस्त्रक्रियेची तारीख असेल तर आदल्या दिवशीच पोहोचावे, आणि परभणीहून सुटणाऱ्या गाड्यांच्या वेळा जवळ ठेवाव्यात. लहान विमानतळावरून निघताना पर्यायी गाडी ठाऊक असणे हे तिकिटाइतकेच गरजेचे आहे.